शोरूमच्या गच्चीवरची साडी

कामिनीची ओली साडी दोरीवरून उडाली ती थेट शोरूमच्या एसीला जाऊन चिकटली. तिच्यामागे कठडा ओलांडून धावणारी कामिनी मात्र एका अनोळखी माणसावर आदळता आदळता राहिली.

"सावकाश," तो म्हणाला. हातात पाना, कपाळावर घाम, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर सांगते. "मशीनला साडी तुम्ही नेसवली?"

"वाऱ्याने नेसवली."

"वाऱ्याला आवड चांगली आहे. काठ शोभतोय तिला."

कामिनीला हसू आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं. अनोळखी माणसासमोर लगेच हसायचं नसतं, असं आई सांगते ना.

आई म्हणजे बेबाबाई. पिंप्राळ्यात तिच्या हातच्या ज्वारीच्या बिबड्यांना, म्हणजे वाळवणाच्या पातळ पापडांना, तोड नाही. उन्हाळा लागला की मायलेकी पहाटेपासून कामाला लागायच्या. जुन्या सुती साड्यांवर बिबडे थापायचे, वाळवायचे, मग साड्या धुऊन पुन्हा दोरीवर टाकायच्या. त्यांची स्वतःची गच्ची एवढीशी, त्यात अर्ध्यावर पाण्याची टाकी. शेजारच्या गिरधरशेठच्या कापड शोरूमची गच्ची मात्र ऐसपैस, मध्ये फक्त गुडघाभर कठडा. तिथे सगळ्या दुकानाला गार ठेवणाऱ्या कपाटाएवढ्या दोन एसी मशिनी होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या पंख्यांतून अशी गरम हवा निघायची की बाजूला टांगलेली साडी बघता बघता वाळायची. म्हणून मायलेकींचं वाळवण तिथेच असायचं, आणि ही सोय सगळ्या गल्लीला ठाऊक होती. शेठला नव्हती, कारण शेठ कधी वर येतच नसत.

"मशीन बंद पडली का हो? माझ्यामुळे?" तिने घाबरून विचारलं.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग साडी सोडवून घेतली, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"नाही. तिचा स्वभावच आहे तो. मध्येच रुसते."

त्याने एक बटण दाबलं, पंखे फिरायला लागले, आणि गरम वाऱ्याने कामिनीची बट उडून तिच्या तोंडावर आली. तो बघत होता. ती बघत नव्हती... म्हणजे, बघत नसल्यासारखं करत होती.

त्याचं नाव बादल. यावलकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. आयटीआय करून त्याने स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि शेठच्या मशिनी सांभाळणं हे त्याचं पहिलं मोठं काम.

त्या उन्हाळ्यात दोरीजवळची मशीन फारच रुसायला लागली. दर दोनेक दिवसांनी बादल हजर. जाळी धुवायचा, पट्टा तपासायचा, आणि मग कठड्याला टेकून म्हणायचा, "अर्धा ओला बिबडा मिळेल का? शेंगदाण्यासोबत."

"दुकानात पैसे मिळतात, इथे खायलाही मिळतं. मजा आहे तुमची."

"मजा दुकानात नाही."

"मग?"

"...शेंगदाण्यात."

खालून बेबाबाईची हाक यायची, "कामिनी वं, कोनाशी बोलते?"

"कावळे हाकलते, आई."

"मी कावळा?" बादल कुजबुजायचा. आणि त्याचे डोळे – आता सांगते – हसताना बारीक व्हायचे आणि त्यांतलं सगळं हसू बाहेर सांडायचं.

आणि मग एका दुपारी गिरधरशेठ स्वतः वर आले. कामिनी टाकीच्या आड साड्या पिळत होती.

"पुन्हा बंद! गिऱ्हाईक घामाघूम होऊन परत जातंय, बादल. तुला विचारावं तेव्हा म्हणतोस करंट कमी-जास्त होतो. धुळ्याचा दुसरा मेकॅनिक म्हणतो मशीन गेली, नवीन घ्या. उद्यापासून काम त्याचं."

बादल मान खाली घालून उभा होता. "बरं शेठ. मग मी सुरतला जातो. तिथे मामा बोलावतोय."

सुरत! कामिनीच्या हातातल्या साडीतलं पाणी टपटपत राहिलं. आणि तिला एकदम दिसलं – मशीन बंद पडली त्या प्रत्येक दिवशी तिची एक साडी दोरीवरून गायब झाली होती, आणि तिला ती घडी घालून विटेखाली ठेवलेली सापडली होती. तिला वाटायचं, आईने ठेवली.

ती कठडा ओलांडून सरळ मशीनपाशी गेली.

"कामिनी, नको," बादल म्हणाला. पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने.

तिने ओली साडी जाळीवर पसरली. हवेने ती आत ओढून घेतली, गच्च चिकटवली. मशीनचा आवाज जड झाला, आणखी जड... तिघेही बघत राहिले. मग खट् – सगळं थांबलं.

"शेठ, मशीन इथून श्वास घेते, हे मला आत्ता कळतंय. साड्या आमच्या उडतात. याला माहीत होतं, पण आमचं वाळवण उठेल म्हणून बोलला नाही. गच्ची काढून घ्या आमच्याकडून. याचं काम काढू नका."

शेठनी जाळीला चिकटलेल्या साडीचं टोक ओढून बघितलं.

"म्हणजे... मशीन चांगली आहे?"

"एकदम," बादल पुटपुटला.

"नवीन घ्यायची नाही?"

"नाही शेठ."

शेठ मटकन कठड्यावर बसले, रुमालाने मान पुसली आणि असे हसले की पोट हलायला लागलं. "अरे लबाडा, चार लाखांचा खड्डा पडला असता ना मला! काम तुझंच राहील. पण पुन्हा खोटं बोललास तर याद राख. आणि बाई, दोरी त्या कोपऱ्यात बांध, मशीनपासून लांब. बिबडे राहू दे." हसत हसतच ते जिना उतरले.

कामिनीने इतका मोठा श्वास सोडला की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"काम जात होतं तरी गप्प बसलात?"

"तुमचं वाळवण इथून उठलं असतं... तर मी गच्चीवर कोणासाठी आलो असतो?"

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"माझ्या आबांना घेऊन तुमच्या घरी येऊ का? आईंना विचारायला. रविवारी?"

"आज तर बुधवार आहे," कामिनी म्हणाली. "तोपर्यंत काय करणार?"