शिवमूर्तीचा कबजा

चैताचं ऊन चढलं होतं. पाण्याची घागर खांद्यावर घेऊन महालिंग आजोबांच्या, मन्मथअप्पांच्या, मागं बोरीच्या शिवारात निघाला होता. आज महसुलाचा गिरदावर येणार होता. कोणत्या तुकड्यावर कोण मालक उभा आहे, ते बघून कागद पक्का करणार होता.

निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती. आता एका माणसाकडं किती जमीन राहावी याचाही कायदा येणार, अशी हूल होती. म्हणून मन्मथअप्पांनी सगळं रान घरातल्या नावांवर वाटून टाकलं होतं. त्यात वीस एकर महालिंगच्या नावावर, आणि वीस शिवमूर्तीच्या.

शिवमूर्ती अप्पांचा धाकटा मुलगा. नवव्या वर्षी पटकीनं गेला, त्याला तीस वर्षं झाली. लिंगायतांच्या रीतीनं त्याला मांडी घालून याच रानात, लिंबाखाली मातीत बसवलं होतं.

"रातंदिस तिथंच बसून हाय. कबजा त्याचाच की!" अप्पा खो खो हसले.

"अप्पा, मेलेल्याला तरी सोडा," महालिंग म्हणाला.

"तुझ्या उद्याच्या पोराबाळांसाठीच करायलोय. शाळा सोडून गावभर उंडारतूस, तुला काय कळतंय? शिवाच्या नावाला हाजीर म्हण. मग फेटा बदलून बांधापलीकडं जा आन् तुझ्या नावाला म्हण. न्हाई म्हनलास तर तुझे वीस एकर चुलतभावाला."

कपाळाला तीन बोटं विभूती फासून म्हातारा हे बोलत होता. महालिंगला किळस आली. पण वीस एकर... तो लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

गिरदावर जाड भिंगाचा चष्मा कागदावरून उचलतच नव्हता.

"शिवमूर्ती मन्मथअप्पा!"

महालिंगनं तोंड उघडलं.

"हाजीर."

आवाज त्याचा नव्हता. बारीक होता. त्याच्या पायाखालून आला होता...

लिंबावरचे होले एकदम गप्प झाले. भर उन्हात ओल्या मातीचा थंड वास नाकात भरला. महालिंगनं अप्पांकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अंगठा," गिरदावर म्हणाला.

महालिंगचा हात उचललाच नाही. तरी कागदावर ठसा उमटला. चिंचोक्याएवढा.

गिरदावरानं त्यावर फुंकर मारली आणि पान उलटलं.

महालिंग धडपडत बांध ओलांडून आपल्या तुकड्यात गेला. फेटा बदलायचं भान कुणाला होतं!

"महालिंग वीरभद्रअप्पा!"

"हाजीर!"

गिरदावर थांबला. "महालिंग वीरभद्रअप्पा! हाय का कुणी?"

"हाय ना! हाजीर! साहेब, ह्यो काय मी..." तो घसा फाटेस्तोवर ओरडला. धावत जाऊन त्यानं अप्पांची बाही धरली, ओढली. अप्पांनी माशी हाकलावी तसा हात झटकला.

"अप्पा... मी हाय. सांगा की त्यांना. अप्पा!"

"मालक हजर न्हाई," गिरदावर कंटाळून म्हणाला. "ह्या तुकड्याचं काय करायचं, मन्मथअप्पा?"

अप्पांनी लिंबाकडं पाहिलं. मग रिकाम्या रानाकडं. उपरण्यानं मान पुसली.

"लिव्हा," ते म्हणाले, "शिवाच्याच नावावर. घरातच राहतंय, म्हंजे झालं."

टाक कुरकुरला. गिरदावर घोड्यावर बसून निघून गेला.

अप्पाही वळले. डावा हात त्यांनी खाली सोडला होता, एक बोट जरा पुढं काढून. पावलं लहान टाकत होते. मधेच थांबायचे, मग पुन्हा चालायचे. महालिंग हाका मारत मागं धावायला गेला, पण त्याचे पाय जागचे हलेनात.

ओढ्याशी म्हातारा वाकला. दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, सांभाळून पलीकडं ठेवलं. आणि घरात कधी कुणाशी न काढलेल्या मऊ आवाजात म्हणाला,

"चल, बाळा. मागं बघू नगंस. त्यो आजून उभाच हाय."