‘येतो’ म्हणून गेलेला वर्यामसिंग

कडी वाजली...

एकदाच. अगदी हळू.

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या घरात घडली, तिथल्या बायका ती दिवेलागणीला तोंडातून काढत नाहीत. गाव देवास. साल १९१५. आश्विनातली संध्याकाळ.

दुर्गा चुलीपुढे बसली होती. मांडीवर चार वर्षांची इंदू पेंगत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

दुर्गाचा नवरा श्रीपाद महूच्या छावणीतल्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. लढाई पेटली आणि त्याला शीख पलटणीबरोबर जायचा हुकूम झाला. निघण्याआधी तो त्या पलटणीतल्या वर्यामसिंगला घरी जेवायला घेऊन आला. दाराच्या चौकटीत मावेना असा गडी.

“भैणजी, ये रोटी है के कागज? फूंक मारूं तो उड जाए!”

“मग दहा खा की! मोजतंय कोण?”

“हिच्याशी जपून रे भिया,” श्रीपाद हसला. “पट्ट्या मी बांधतो, जखमा ही करते. नुसत्या बोलून.”

इंदू तर वर्यामसिंगच्या मांडीवरून उतरेचना. मामा म्हणायला लागली.

निघताना तो म्हणाला, “अच्छा, जाता हूं.”

“अगं बाई! असं म्हणू नये,” दुर्गा म्हणाली. “आमच्यात निघताना ‘येतो’ म्हणतात.”

“और आना न हुआ तो?”

“तरी म्हणायचं. रीतच आहे तशी.”

त्याचं हसू मावळलं.

“हमारे में जो बोला, वो निभाना पडता है, भैणजी.”

मग श्रीपादच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक अक्षर जुळवत तो म्हणाला, “येतो. इसको लेके येतो.”

होळी गेली. पाऊसही सरत आला. मग श्रीपादबरोबर गेलेले नारायणराव कुबडीवर परत आले.

एकटेच.

“वहिनी, तुर्कांच्या मुलखात एक नाला होता. शीख पलटण त्यात शिरली. गोळ्या अशा, की मान वर करता येईना. पण एकानेही पाठ दाखवली नाही हो. पुढचा पडला की मागचा पुढे व्हायचा. संध्याकाळी पलटण म्हणावी एवढी माणसंच उरली नाहीत. श्रीपाद पट्ट्या बांधायला पुढे गेला, तो तिकडेच राहिला. वर्यामसिंग मात्र खंदकात सुखरूप परतला होता.”

“मग?”

“श्रीपाद दिसेना, तशी त्याने बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘भैणजी को बोला है.’ आणि चढला वर. मग नुसता धूर... दोघंही पुन्हा दिसले नाहीत.”

सरकारातूनही तेवढंच कळलं. सापडले नाहीत.

सासरचे म्हणत, कुंकू पूस आता. दुर्गा म्हणे, सापडले नाहीत म्हणजे गेले नाहीत. आणि रोज कपाळभर कुंकू लावी.

त्या संध्याकाळी मात्र कडी वाजली...

शेजारचं जातं थांबलं. रातकिडे थांबले.

“कोण?”

नुसती धाप. लांबून ओझं वाहून आणलेल्या माणसाची...

“भैणजी... येतो बोला था.”

इंदूला कडेवर घेऊन दुर्गाने दार उघडलं.

अंगण रिकामं.

धाप मात्र उंबऱ्याशीच होती. ‘या’ म्हणेपर्यंत आत न येणारी. नाही म्हटलं, तर उद्याही कुंकू लावता आलं असतं...

“या,” ती म्हणाली.

बूट वाजला. एक पाऊल. मग दुसरं. इतकं जड, की सारवलेली जमीन खचली. श्रीपादच्या सदऱ्याला यायचा तो औषधाचा वास घरभर पसरला.

दुर्गा जिवाचा कान करून ऐकत होती. मागून आणखी कुणाची पावलं येतात का...

नाही आली.

एकाच माणसाची पावलं.

“भाऊ... हे कुठे आहेत?”

धाप तेवढी वाढली.

कडेवर इंदू जागी झाली. समोर, वर, आढ्याच्या दिशेने पाहून हसली. हात पसरले. मग हळूहळू तिचे हात खाली आले.

“आई, मामांनी बाबांना पाठीवर आणलंय... मग बाबा खाली का उतरत नाहीत?”