दवंडीराव गप्प बसले तेव्हा

दवंडीराव जितक्या मोठ्याने ओरडत, तितकी जास्त फुलं तुडवली जात. हे कोडं काही केल्या मुक्ताला सुटत नव्हतं.

दवंडीराव म्हणजे आंबेखोल गावच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) राखणीला असलेले यंत्रमानव. पावसाळा सरत आला, की सड्यावर ‘सीतेची आसवं’ ही इवली निळी फुलं उमलतात. ती बघायला लांबलांबून लोक येतात, वाट सोडून फुलांत शिरतात आणि फोटो काढतात. त्यांना समजावायला गावच्या सडामित्र मंडळाने हा यंत्रमानव आणला. त्याचं भाषण लिहायचं काम सातवीतल्या मुक्ता पाध्येकडे आलं, कारण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर तिचाच होता.

भाषण झणझणीत होतं. “रोज शेकडो लोक ही फुलं पायदळी तुडवतात! जो तो वाट सोडतो! अरे, आपल्याला लाज कशी वाटत नाही?” दवंडीराव ते अगदी हातवाऱ्यांसह म्हणत. लोक हसत, त्यांच्यासोबत फोटो काढत आणि खुशाल फुलांत शिरत.

“आवाज आणखी वाढवू का, मुक्ताताई?” दवंडीरावांनी विचारलं.

“वाढवा!” मुक्ता म्हणाली. त्यांनी वाढवला. खालच्या गोठ्यातली म्हैस तेवढी दचकली.

मुक्ता मात्र दिवस मोजत होती. ही रोपं एकाच पावसाळ्यापुरती जगतात आणि याच आठवड्यात त्यांना बिया धरणार होत्या. बी पडण्याआधी रोप चिरडलं, तर पुढच्या वर्षी तिथे नुसता कातळ.

सुट्टीवर आलेली केतकीआत्या वर्तनशास्त्रज्ञ (माणसं अशी का वागतात, याचा अभ्यास करणारी) होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “वाद कशाला? प्रयोग करू. उद्या तासभर दवंडीराव बोलतील, तासभर गप्प बसतील. वाट किती जण सोडतात ते मोजत राहतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दवंडीरावांनी निकाल सांगितला. ते गप्प असताना फुलांत शिरणारे निम्म्याने कमी होते.

“म्हणजे माझ्या भाषणापेक्षा काहीच न बोललेलं बरं?” मुक्ताचे डोळे भरून आले. पहिल्या नंबरवालीचं भाषण होतं ते!

आत्याने तिला जवळ बसवलं. “अनोळखी देवळात गेलीस, तर चपला कुठे काढतेस?”

“बाकीच्यांच्या असतील तिथे.”

“पाटी वाचून?”

“पाटी कोण वाचतं?”

“बरोबर. नव्या जागी काय करायचं ते कळेना, की माणूस आजूबाजूला बघतो. बहुतेक जण काय करतात, याचा जो अंदाज मनात बसतो, त्याला आपण लोकरीत म्हणू. आता सांग, तुझ्या भाषणाने लोकांना कुठली लोकरीत सांगितली?”

मुक्ताने भाषणाची पहिली ओळ पुन्हा म्हणून पाहिली. मग हळूच म्हणाली, “सगळेच फुलं तुडवतात, अशी. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणार, सगळे जातात, मग मीच का थांबू?”

“आणि आई चारचौघांत ओरडली, तर तू ऐकतेस?”

“छे! मी उलट उत्तर शोधते.”

“लाज काढली, की मोठी माणसंही तेच करतात.”

“मग काय खोटं सांगायचं? कुणी तुडवत नाही म्हणून?”

“मुळीच नाही. एकदा खोटं पकडलं गेलं, की आपल्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. दवंडीराव, वाटेवरूनच चालणारे किती जण होते?”

“दोन्ही तास मिळून दहातले सात,” दवंडीराव म्हणाले. “मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

मुक्ता ताडकन उठली. चांगलं वागणारेच जास्त होते, आणि त्यांच्याबद्दल तिने एक ओळही लिहिली नव्हती! ती नव्याने लिहायला बसली. पहिला मजकूर ऐकून आत्याने मोठी जांभई दिली. दुसऱ्यात ‘करू नका’च फार होतं, पण मग करायचं काय, ते कुठेच नव्हतं. तिसरा जमला.

रविवारी सड्यावर ही गर्दी! दवंडीराव साध्या आवाजात बोलत होते. “नमस्कार! इथे येणारे बहुतेक जण पांढऱ्या दगडांच्या वाटेनेच चालतात. फोटोसाठी तो उंच कातळ छान आहे. आणि माझ्याकडे भिंग आहे. एक फूल जवळून बघता?”

भिंगापाशी रांग लागली. हजारो फुलांकडे नुसती नजर टाकून जाणारे लोक एका फुलापाशी थबकत होते, “अगं, हे बघ!” म्हणून दुसऱ्याला बोलावत होते. काही जणांनी तरीही वाट सोडलीच, पण थोड्यांनीच. सड्यावरच्या तळ्याकाठचा फुलांचा निळा पट्टा संध्याकाळपर्यंत ताठ उभा राहिला. मुक्ताला इतका आनंद झाला, की तिने दवंडीरावांच्या पत्र्याच्या पोटाला मिठीच मारली.

“आता बिया धरतील,” आत्या म्हणाली. “पुढच्या वर्षी पट्टा आणखी रुंद दिसेल बघ.”

तेवढ्यात कॉलेजची काही मुलं आली. पुढच्याने फुलांत टाकायला पाय उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो परत वाटेवर ठेवला. तो मागे वळून मित्रांना म्हणाला, “इकडून या रे, इथे सगळे इकडूनच जातात.”

हे वाक्य त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.