रिकामा चार्जर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफ करा. शाळा अर्धवट सुटली, शब्दही साधेच येतात. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. गेल्या शनिवारी रात्री शटर ओढल्यावर मालकांनी, म्हणजे काकांनी, आम्हा दोघा कारागिरांना हे सांगितलं. मी म्हणालो होतो, दुकानातला हा रिकामा चार्जर शिट्टी मारतोय.

"मला नाही येत ऐकू," काका म्हणाले. "माझ्या कानांची वॉरंटी संपली. आत तारेचं वेटोळं असतं, ते विजेनं थरथरतं. तरुण कानांना कळतं. पण माझा मित्र आहे ना, वायरमन, त्याच्या बायकोला पन्नाशीतही कळायचं."

पुढचं काकांच्याच तोंडून.

वायरमनचा मुलगा मागच्या वर्षी नदीत बुडाला. सापडलाच नाही. त्याच्या खोलीतला चार्जर वहिनींनी, म्हणजे वायरमनच्या बायकोनं, कुणाला काढू दिला नाही. रिकामा असला की तो वाजायचा, मोबाईल लावला की गप्प. वहिनी रात्ररात्र भिंतीपलीकडे जाग्या. वायरमनला वाटलं, आवाजानं झोप उडते. मंगळवारी कामावरून येताना त्यानं न वाजणारा चार्जर आणला आणि गुपचूप बदलला.

रात्री दीड वाजता वहिनी ताडकन उठल्या.

"अहो, आला... मोबाईल लावला त्यानं."

धावत गेल्या. खोली रिकामी. अंथरूण तसंच.

वायरमननं सगळं सांगून टाकलं. वहिनी भिंतीला धरून खाली बसल्या. "तोच परत लावा. तो वाजायचा थांबला, तरच मला कळेल ना..."

त्यानं जुना लावला.

"वाजतोय?"

वहिनींनी चार्जरला कान लावला.

"अगं, वाजतोय ना?"

"नाही..."

वायरचं टोक मोकळं लोंबत होतं. त्यानं चार्जरला हात लावला.

गरम. मोबाईल पार उतरलेला असला की होतो, तसा.

काकांनी शिट्टी मारणारा चार्जर काढून ठेवला. मग म्हणाले, "आता रोज विचारते, माझे कानच गेले का? आम्ही म्हातारे काय सांगणार..."

आम्ही दोघं घरी निघालो.

मला झोप लागली नाही; शेवटी काका 'वहिनी विचारतात' नाही, 'विचारते' म्हणाले होते. सकाळी दुकानाआधी काकांच्याच घरी गेलो. काकूंनी खोली दाखवली. वायरचं टोक मोकळंच होतं. मी कान लावला. मग हात लावला... आणि काढून घेतला.

"तुझे कान चांगले आहेत ना, बाळा? वाजतोय?"

"नाही, काकू."

त्यांनी मला खुणेनंच बाहेर बोलावलं, आणि आत कुणी झोपलेलं असावं, तसं दार हळूच ओढून घेतलं.