डावा टाकला, उजवा लागला

पहिला दगड काचेवर बसला तेव्हा प्राची अजून ट्रकच्या केबिनमध्येच होती. काचेला जाळं पडलं. पाठोपाठ दार उघडलं आणि तीन-चार जणांनी ड्रायव्हर बाळासोमामांना कॉलर धरून खाली ओढलं.

कळंब्याच्या वळणावर ट्रक डावीकडे वळत असताना मागून आलेला मोटारसायकलवाला बंपरला घासून पडला होता. ऋतुराज त्याचं नाव, कॉलेजात जाणारा पोरगा. त्याचा हात मोडला होता. ट्रकचा उजवा इंडिकेटर चालू होता म्हणून मी डावीकडून गाडी काढली, असं तो कळवळून सांगत होता. ते ऐकून त्याचे दोस्त खवळले. एकानं लाथ घातली, दुसऱ्यानं हातातलं हेल्मेट हाणलं. मामांच्या कपाळातून रक्त वाहून डोळ्यात गेलं. प्राचीचा धाकटा भाऊ अरिहंत सोडवायला मध्ये घुसला, तर त्यालाही कुणीतरी भिरकावून दिलं. त्याचे दोन्ही गुडघे सोलवटले.

उन्हाळ्याच्या सुटीत काकांच्या ट्रकमधून गुळाच्या ढेपा पोहोचवायला जायचं आणि येताना कुल्फी खायची, एवढाच त्या दोघांचा बेत होता.

ट्रक श्रीपालकाकांचा, आणि बाळासोमामा अकरा वर्षांपासून त्यांचे ड्रायव्हर. अपघाताचं कळताच काका धावत आले. त्यांनी हात जोडून जमाव शांत केला आणि ऋतुराजला दवाखान्यात पाठवलं. प्राचीला हायसं वाटलं. पण ट्रक गोडाऊनच्या आवारात येऊन थांबला, तसं काकांनी मामांना खाली उतरवलं आणि सगळ्यांदेखत काडकन थोबाडीत दिली. मग आणखी एक. घरात झुरळसुद्धा मारू न देणारा माणूस तो.

“मी डावाच टाकलेला की, मालक,” मामा गाल न चोळता म्हणाले. “पोरीला इचारा.”

प्राचीनं सांगून पाहिलं. मामांनी स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी डावीकडेच टाकली होती, पण समोरच्या मीटरच्या काट्यांपाशी उजवा बाण लुकलुकत होता. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी ऐकून घेतलं नाही. महिन्यापूर्वीच अंबादास मिस्त्रीनं गाडीला नवंकोरं मॉड्यूल बसवलंय, तेव्हा दोष गाडीत नाही, माणसात आहे, असं म्हणून त्यांनी चावी टेबलावर टाकली. मामांना उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं आणि ते दवाखान्याकडे निघून गेले.

प्राचीची मैत्रीण आदिती गोडाऊनशेजारीच राहायची. तिनं हळद आणली, मामांचं कपाळ पुसलं. मग तिघा पोरांनी ठरवलं, बोलत बसण्यापेक्षा बघायचंच. मामांनी टेबलावरची चावी घेऊन फिरवली आणि इंडिकेटर टाकत राहिले. अरिहंत पुढे उभा, आदिती मागे. चार वेळा डावा टाकला, डावाच लागला. पाचव्यांदा उजवा लागला, आणि टळटळीत उन्हात वायपर आपोआप फिरायला लागले.

आदितीची पूर्णिमामावशी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायची. फोन केल्यावर ती स्कूटरवरून आली, पण मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही म्हणाली. प्राचीनं काकांना फोन लावला. बघायचं तर बघू दे, मी अंबादासलाही पाठवलंय, असं तुटकपणे बोलून त्यांनी फोन ठेवला.

मावशीनं आधी फ्यूज पाहिले, मग मीटर लावून बॅटरीचा करंट आणि अर्थिंग तपासलं. सगळं ठीक होतं. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. मॉड्यूल म्हणजे डब्याएवढी काळी पेटी. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतो, असं तिनं पोरांना समजावलं. स्कॅनरवर दिसत होतं ते असं, की दांडीकडून निरोप डावीकडचा येतोय आणि पेटी दिवा उजवीकडचा लावतेय. मावशीनं बॅटरीची वायर काढली, पॅनेल उघडलं आणि पेटी बाहेर काढली. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. वर मात्र अंबादासचं सील करकरीत होतं.

“आत पाणी गेलंय,” मावशी म्हणाली. “पण मी उघडली, तर तो म्हणणार तुम्हीच बिघडवली.”

एवढ्यात अंबादास आला. पेटी अरिहंतच्या हातात बघताच त्याचा चेहरा पालटला. तो पेटी हिसकावू लागला. अरिहंतनं सोडली नाही, तेव्हा त्यानं पोराला मडगार्डवर आपटून ती घेतली. अरिहंतचा ओठ फाटला. मावशी पुढे झाली, तर त्यानं चाकाचा लोखंडी पाना उचलून फिरवला. मावशी वाकली, पाना हेडलाइटवर बसला आणि काचा उडाल्या. बाळासोमामांनी मागून त्याला मिठी मारली. त्यानं कोपरानं त्यांच्या कपाळावरच हाणलं. जखम पुन्हा वाहू लागली.

आदितीनं पळत जाऊन फाटकाला आतून कडी घातली आणि कुलूप लावलं. पेटी घेऊन पळायची वाट बंद झाली. बाहेर काकांची मोटार थांबल्याचा आवाज प्राचीला ऐकू आला. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. ही पेटी आपण उघडायची नाही. त्यानंच उघडायला हवी.

“काका आले,” ती मोठ्यानं म्हणाली. “आता स्कॅनर परत लावू आणि त्यांना दाखवू. पेटी चालू आहे तोवर सगळं दिसतं.”

अंबादासनं फाटकाकडे पाहिलं, हातातल्या पेटीकडे पाहिलं. मग ती फरशीवर टाकून पान्यानं ठेचायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला सील फाटलं, पेटी दुभंगली आणि आतून वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे फरशीवर सांडले. नदीच्या गाळासारखे, करड्या रंगाचे. फाटकाच्या गजांतून काका बघत होते.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीतली पेटी पुसून, वर सील चिकटवून त्यानं नवी म्हणून बसवली होती. हे कबूल करायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण आदितीनं फाटक उघडताच काकांनी आत येऊन त्याला भिंतीला दाबून धरलं होतं. त्यांची मूठ वर गेली.

ती मूठ बाळासोमामांनी धरली. “पुरे करा, मालक. सकाळधरनं लई मारामारी झाली.”

काकांचा हात खाली आला. त्यांनी पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी शोरूममधून पेटी आली. मावशीनं ती बसवली, स्कॅनरनं तिच्यात गाडीची माहिती भरली आणि इंडिकेटर वीस वेळा तपासला. वीसही वेळा बरोबर. हाताला प्लास्टर घातलेला ऋतुराजही आला होता. आपल्या दोस्तांच्या वतीनं त्यानं मामांची माफी मागितली.

मग काका पुढे झाले. काल जिथं थोबाडीत दिली होती, तिथंच उभं राहून त्यांनी मामांसमोर हात जोडले.

“गाडी मी चालवतो,” मामा म्हणाले. “पण पुन्हा हात उचलायचा न्हाय, मालक. कुणावरच.”

“नाही उचलणार,” काका म्हणाले. तिन्ही पोरांना त्यांनी जवळ ओढलं, अरिहंतचा सुजलेला ओठ पाहिला आणि प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला. “या पोरांनी माझे डोळे उघडले. प्राची, तू बघितलंस आणि खरं सांगितलंस. मी कालच ऐकायला हवं होतं.”

प्राची मान हलवून मामांशेजारी जाऊन उभी राहिली.