आतला नंबर

फौजेचा जुना कॅमेरा ऑनलाइन घ्यायच्या आधी बरेच लोक मला त्याचे फोटो पाठवतात. मी मुश्ताक, फोटोचं दुकान राजुऱ्याला. हे कुठं शिकलो नाही, फसून फसून कळलं. माझ्या पहिल्या ‘फौजी’ कॅमेऱ्यावरचा शिक्का बाजारात भांड्यांवर नावं घालतात ना, तसा होता. वर्षभर मी तो काचेच्या कपाटात मिरवला.

कोरलेल्या अक्षरावर नख फिरवावं. खऱ्याची धार ऐंशी वर्षांत झिजलेली असते, नकलीत नख अडकतं. मग मागचं झाकण उघडून आतला नंबर वरच्या नंबराशी जुळवावा. नुसता फोटो असेल तर लेन्स मोठी करून पाहावी. काचेत विकणाऱ्याची खोली उमटते. लिहितो ‘आजोबांची आठवण’, आणि काचेत दिसतं गोदाम.

लेन्समध्ये पाहायची हीच सवय मला आता नको झाली आहे. त्याचं कारण मी सलीमालासुद्धा, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एटापल्लीकडची रुखमाबाई दुकानात आली. मोहफुलं वेचून झाली की येतो तसा गोड, आंबूस वास तिच्या लुगड्याला होता. फडक्यातून तिनं कॅमेरा काढला. वर फौजेची बाणाची खूण. नख फिरवलं, कुठं अडकलं नाही.

“सासऱ्याचा हाय,” ती म्हणाली. “फौजेच्या साहेबाचं सामान वाहे तो. साहेबानं जाताना देल्ला.”

“इकाचा हाय काय, बाई?”

“नाई जी. आत रोल हाय. माह्या मालकाचा, पोचूचा, फोटो हाय त्यात. मीच काढला होता, मोहाखाली. मंग तो तापानं गेला, फोटोचं कारड बनाच्या आधीच. त्याचा दुसरा फोटोच नाई. औंदा त्याच्या नावाचा दगड उभा करतो, त्याचा जीव थाऱ्याले लागाले. त्याआधी पोराले बापाचं तोंड दिसलं पायजे.”

“काढून देतो. बसा.”

“उघडू नका बरं इथी. उजेड लागते म्हन्ते.”

मला हे तिनं सांगायला हवं होतं का? पण ती माठातलं पाणी घ्यायला वळली आणि माझ्या मनात एकच होतं, आतला नंबर. अंगठा आपोआप खिट्टीवर गेला.

नंबर जुळला. कॅमेरा अस्सल होता. आणि ट्यूबलाइटखाली रोल उघडा पडला होता.

मी झाकण लावलं. ती पाणी पीत होती.

“बाई... रोल कोराच हाय. फोटो आलाच नाई.”

तिनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. “पन तो तर सरळ माह्याकडं पाहून राह्यला होता,” म्हणाली. “हललासुदिक नाई.”

“कॅमेराच नकली हाय,” मी म्हणालो. हे दुसरं खोटं. त्याची गरजसुद्धा नव्हती.

“मंग राहू द्या तुमच्यापाशीच. तो त्यात नसंल तं मले काय कराचा?”

रिकामं फडकं नीट घडी घालून ती निघून गेली.

आठवड्यानं मी विक्रीसाठी त्या कॅमेऱ्याचे फोटो काढले. दुकानात एकटाच होतो. सवयीनं लेन्स मोठी करून पाहिली. काचेत माझं डोकं होतं, हातातला मोबाइल होता. आणि माझ्या मागं, दारात, धोतर नेसलेला उघडा माणूस उभा होता. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड.

वळून पाहिलं. दारात ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं वेगळ्याच कॅमेऱ्याचा फोटो पाठवला. त्या काचेतही माझंच दुकान होतं, मी होतो, आणि मागं तो होता... एक पाऊल पुढं.

तेव्हा कुठं मी तो रोल अंधाऱ्या खोलीत रसायनात धुतला. आतल्या वेढ्यांना कधीकधी उजेड लागत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण फोटो निघाला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून हात लावला नव्हता. सगळा रोल जळून काळा झाला होता. एकच फोटो स्वच्छ निघाला. मोहाचं झाड होतं. खाली, गवतावर, उभ्या माणसाची लांब सावली होती.

माणूस नव्हता.

तो फोटो आणि कॅमेरा घेऊन मी रुखमाबाईच्या गावी गेलो. सगळं सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“जागा तीच हाय,” फोटोवर बोट ठेवत ती म्हणाली. “सावली त्याचीच. तो कुठी गेला, भाऊ?”

मी कॅमेरा तिच्यापुढं ठेवला.

“दगड नाई उभा करत मंग,” ती म्हणाली. “तो आत होता. तुमी काहाडला. तुमीच घरी आनून द्या त्याले.”

कसा आणू? लोक फोटो पाठवत राहिले. दर वेळी काचेत तो एकेक पाऊल पुढं सरकत गेला, शेवटी माझ्या डोक्यामागं फक्त तो पांढरा उजेड उरला.

काल चंद्रपूरहून एक फोटो आला. लेन्स मोठी केली. काच रिकामी होती. माझ्या तोंडून अल्लाहचं नाव निघालं. वाटलं, गेला असेल आपल्या गावी.

सध्या पावसाळा आहे. मोहाला फूल नाही. पण मोबाइल खाली ठेवला तेव्हा दुकानात तो वास होता, गोड, आंबूस. अगदी माझ्या खांद्याजवळ.