सोनकी की खुरासणी?

“अरे थांब! रेघेवर पाय देऊ नकोस!” रिम्शा ओरडली, पण तोवर तौहिदची चप्पल पांढरीफटक झाली होती.

खापर गावाहून टेम्पोत बसून ही तिघं सकाळीच डोंगरातल्या पाड्यावर पोचली होती. बारा वर्षांची रिम्शा, तिचा धाकटा भाऊ तौहिद आणि शेजारचा ललित. रिम्शाच्या अब्बांचा खापरला तेलाचा घाणा होता. दर दिवाळीच्या सुट्टीत ते कमलीबाईच्या शेतातली लवकर पिकलेली खुरासणी, म्हणजे कारळ्याचं बी, न्यायला यायचे. यंदा पोरांनी “आम्हीपण येणार!” म्हणून त्यांचं डोकं खाल्लं होतं. पोचल्याबरोबर अब्बा पोती भरायला पाड्यातल्या घरांकडे गेले होते.

आणि इथे बघावं तर पिवळ्याधमक उतारावरून चुन्याची रेघ गेलेली, चारी कोपऱ्यांना लाल झेंड्या!

“क्रिकेटचं मैदान!” तौहिद म्हणाला.

“या उतारावर? चेंडू थेट गुजरातेत जाईल, शहाण्या!” ललित हसला.

कमलीबाई मात्र हसत नव्हती. बांधावर बसून ती रेघेकडे बघत होती.

“काल दोन माणसे उनात, चुना टाकीसन चालना ग्यात,” ती अहिराणीत म्हणाली. “म्हणे जागा पडीक शे. पडीक! हाई मन्हं वरीसनं तेल शे, पोरी!”

रिम्शाने मनात हिशोब केला. खुरासणी गेली तर कमलीमावशीचं वर्षभराचं तेल गेलं, चटणी गेली, पुढच्या पेरणीचं बीसुद्धा गेलं!

“चला, रेघ कुठे जाते ते बघू,” ती म्हणाली.

तिघं रेघ धरून पळत सुटली. रेघ सडकेला भिडली आणि तिथे एक कोराकरकरीत फलक उभा होता. ‘डोंगरावरची सोनकीची पिवळी रानफुलं पाहायला या! वाहनतळ खाली.’ वर याच उताराचा मोठा फोटो.

“म्हणजे फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्या फुलांवरच उभ्या करणार?” ललितने कपाळावर हात मारला.

“फोटो पलीकडच्या डोंगरावरून काढलाय. तिथून सगळं पिवळं सारखंच,” रिम्शा म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. “खरं सांगू? मलाही झाडं ओळखता येत नाहीत. खुरासणीचं बी मी डोळे मिटून ओळखीन. पण झाड आज पहिल्यांदाच बघतेय.”

“मग विचार की मावशीला!” तौहिद म्हणाला. कधीकधी त्याचं डोकं बरं चालायचं.

कमलीबाईने तिला हाताला धरून उतारावर फिरवलं. खडकाच्या भेगेत आणि न नांगरलेल्या गवतात उभी होती ती सोनकी, पानं एकाआड एक. नांगरलेल्या मातीत होती ती खुरासणी, कमरेएवढी, खालची पानं जोडीने समोरासमोर. सुकलेल्या सोनकीच्या डोक्यावर कापूस, खुरासणीच्या बोंडात काळंभोर बी. रिम्शाने हे दहादा हात लावून पाहिलं.

तेवढ्यात धडधड ऐकू आली. जेसीबी! पुढे जीपमधून हेमकांतभाऊ उतरले. कामावरचे मुकादम, झुबकेदार मिशा, हातात नकाशा.

“काय करी ऱ्हायनात रे पोरेहो? बाजू व्हा!”

“काका, हे उभं पीक आहे!” रिम्शा रेघेवर उभी राहिली. तिने दोन्ही हात पसरले.

“जो तो असंच सांगतो. साहेबांनी फोटोवरून नकाशा केलाय. पिवळी ती सोनकी!”

“सगळी?”

“सगळी!”

“मग यावर फुंकर मारा.” तिने खडकातलं सुकं फूल पुढे केलं. हेमकांतभाऊंनी वैतागून फू केलं. भुर्र! सगळा कापूस त्यांच्या मिशांत! जेसीबीवाला खो खो हसला.

“ही सोनकी. आता हे शेतातलं सुकं बोंड.”

त्यांनी गाल फुगवून फुंकलं. काहीच उडालं नाही. रिम्शाने बोंड चोळलं, काळं बी दोन दगडांत चेचलं आणि म्हणाली, “काका, जरा नकाशा द्या.”

चेचलेलं बी तिने नकाशावर घासलं, नेमकं जिथे ‘पडीक’ लिहिलं होतं तिथेच! मग कागद उन्हात धरला. डागातून पलीकडचा उजेड दिसत होता.

“तेल,” हेमकांतभाऊ पुटपुटले. त्यांनी डाग बोटाने चोळला, वास घेतला. “मन्ही मायबी हाईच चटणी करे. आणि मी गाडीतून उतरून बघितलंसुद्धा नाही!”

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. “साहेब, चूक झाली. उभं पीक शे. मी मशीन परत नेतोय.”

जेसीबी मागे वळला तेव्हा कमलीबाईला रडूच कोसळलं. पोती घेऊन आलेल्या अब्बांना ती म्हणाली, “शब्बीरभाई, तुन्ही पोर मन्हा वावरसाठे उभी ऱ्हायनी!” अब्बांनी रिम्शाच्या डोक्यावर हात ठेवला.

हेमकांतभाऊ जीपपाशी घुटमळत होते.

“पोरी, अजून दोन पाड्यांवर असाच चुना मारलाय. तिथेही पिवळंच आहे. चल, दाखव बरं.”

“मी नाही, कमलीमावशी दाखवेल,” रिम्शा म्हणाली. “मला तरी तिनेच शिकवलं.”

हेमकांतभाऊंनी जीपचं पुढचं दार उघडलं. कमलीबाईने पदराने डोळे पुसले, विळा कमरेला खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. “चाल, गाडी काढ,” ती म्हणाली.